फवारणीचे द्रावण आणि त्याची संहती

एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेला युरिया दोन शेजारी शेतकरी आपापल्या पिकावर फवारतात. एकाच्या पिकाला आठवडाभरात काळोखी येते. दुसऱ्याच्या पिकाची पाने कडेने करपू लागतात. खत एकच, पाणीही एकाच विहिरीचे, मग एवढे अंतर का पडावे? चौकशी केली असता असे आढळून येते की, पहिल्याने युरिया तराजूत तोलून घेतला होता आणि पाणीही मोजून घेतले होते. दुसऱ्याने मात्र युरिया अंदाजाने मुठीमुठीने पंपात टाकला होता. असा प्रकार खेडोपाडी पुष्कळदा घडतो आणि त्याचे खापर बहुधा खतावर किंवा औषधावर फोडले जाते. वास्तविक दोष असतो तो द्रावणाच्या संहतीचा. ही संहती म्हणजे काय, ती कशी मोजावी व ती चुकली असता काय होते, हे प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घेणे आवश्यक आहे.

द्राव्य, द्रावक आणि द्रावण

पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ टाकून ढवळले असता मीठ दिसेनासे होते. ते नष्ट होत नाही, कारण पाण्याचा प्रत्येक घोट सारखाच खारट लागतो. मिठाचा खडा फुटून त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्याच्या कणांमध्ये सर्वत्र सारखे पसरलेले असतात. येथे जो पदार्थ विरघळला, त्याला द्राव्य म्हणतात; ज्यात तो विरघळला, त्याला द्रावक म्हणतात; आणि दोहोंचे मिळून जे एकजीव मिश्रण तयार झाले, त्याला द्रावण म्हणतात. मीठ हे द्राव्य, पाणी हे द्रावक आणि खारे पाणी हे द्रावण होय.

खऱ्या द्रावणाच्या तीन खुणा सांगता येतात. ते पारदर्शक असते, मग त्याला रंग असो वा नसो. ते फडक्यातून गाळले तरी द्राव्य वेगळे निघत नाही. आणि ते कितीही वेळ स्थिर ठेवले तरी तळाशी साका बसत नाही. मोरचुदाचे पाणी निळे दिसते, तथापि ते पारदर्शक असते व गाळले तरी निळेच राहते. म्हणून ते द्रावण होय.

पाणी हे फार मोठे द्रावक असले तरी सर्वच पदार्थ त्यात विरघळतात असे नाही. द्राक्षबागेत वापरण्यात येणारे जिबरेलिक आम्ल भुकटीच्या रूपात असले म्हणजे पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. म्हणून ते प्रथम थोड्याशा अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून मग ते द्रावण पाण्यात मिसळतात. त्याचे काही नवे प्रकार थेट पाण्यात विरघळतात. यास्तव वेष्टनावरील सूचना आधी वाचून पाहावी.

विरघळणे निराळे, मिसळणे निराळे

पाण्यात टाकलेला प्रत्येक पदार्थ विरघळलाच असे समजणे चुकीचे आहे. पाण्यात मिसळणारे गंधक पाण्यात टाकले की पाणी पिवळसर गढूळ होते. त्याचे बारीक कण पाण्यात नुसते तरंगत असतात. अशा मिश्रणाला निलंबन म्हणतात. ते काही वेळ न ढवळता ठेवले तर कण तळाशी बसतात. पंपातील गंधक असे खाली बसले म्हणजे पहिल्या ओळींवर जवळजवळ दाट औषध पडते आणि शेवटच्या ओळींच्या वाट्याला केवळ पाणी येते, किंवा याच्या उलट घडते. याकरिता अशी औषधे फवारताना पंपातील मिश्रण वरचेवर हलवीत राहणे जरुरीचे असते.

तिसरा प्रकार तेलाचा. निंबोळीचे तेल पाण्यात टाकल्यास ते वर तवंग धरून राहते. परंतु त्यात थोडा साबण मिसळून जोराने घुसळले, तर तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात पसरतात व मिश्रण दुधासारखे पांढरे दिसते. याला पायस म्हणतात. दूध हेही याच जातीचे आहे. पुष्कळशी द्रवरूप कीटकनाशके पाण्यात ओतताच दुधासारखी होतात, ती याच कारणाने. मचूळ किंवा जड पाण्यात साबण फुटतो व तेल पुन्हा वेगळे होते. म्हणून फवारणीसाठी शक्यतो गोडे पाणी घ्यावे.

द्रावण, निलंबन व पायस यांतील हा भेद ओळखता आला म्हणजे कोणते मिश्रण एकदा ढवळून भागते व कोणते सतत ढवळावे लागते, हे आपोआप ध्यानात येते.

पाणी किती द्राव्य सामावून घेते?

पाण्यात मीठ टाकीत गेल्यास एक वेळ अशी येते की, नंतर टाकलेले मीठ विरघळत नाही, ते तळाशी तसेच राहते. अशा द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात. ही मर्यादा प्रत्येक पदार्थाची वेगवेगळी असते. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळते, तर साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते. युरियाही जवळजवळ पाण्याच्या वजनाइतका विरघळतो. उलट, विझवलेला चुना एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमदेखील विरघळत नाही. चुन्याचे पाणी स्थिर ठेवले म्हणजे वर जी स्वच्छ निवळी येते, तेवढेच चुन्याचे खरे द्रावण होय. खालचे पांढरे दूध म्हणजे न विरघळलेल्या चुन्याचे निलंबन असते.

बहुतेक क्षार ऊन पाण्यात अधिक व लवकर विरघळतात. चिक्कीचा किंवा लाडवाचा पाक करताना हा अनुभव घरोघर येतो. पदार्थ बारीक केला व ढवळला तरी तो लवकर विरघळतो. मात्र त्यामुळे विरघळण्याची मर्यादा वाढत नाही, केवळ वेळ वाचतो. युरिया विरघळताना पाणी थंडगार होते व त्यामुळे उरलेले दाणे हळू विरघळतात. म्हणून युरिया आधी बादलीत पूर्णपणे विरघळवून, गाळून मगच पंपात ओतावा. सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम असते व ते पाण्यात फारच थोडे विरघळते. यामुळे त्याचे पाणी कितीही ढवळले तरी तळाशी साका राहतोच. असे पाणी ठिबक संचात सोडल्यास तोट्या बुजतात.

संहती मोजण्याच्या रीती

ठरावीक द्रावणात द्राव्य किती आहे हे सांगणाऱ्या प्रमाणाला संहती म्हणतात. द्राव्य थोडे असेल तर द्रावण विरल आणि अधिक असेल तर संहत म्हटले जाते. परंतु ‘पातळ’ व ‘तेज’ अशा मोघम शब्दांनी शेतीचे काम भागत नाही. तेथे आकडाच हवा.

शेतीच्या व्यवहारात टक्केवारीची रीत सर्वांत सोयीची आहे. १०० लिटर पाण्यात १ किलो पदार्थ म्हणजे १ टक्का, असे येथे मानतात. यावरून एक सोपा नियम निघतो : टक्क्यांच्या आकड्याला १० ने गुणले असता दर लिटरला किती ग्रॅम पदार्थ घ्यावा ते मिळते. युरियाचे २ टक्के द्रावण करावयाचे असल्यास दर लिटरला २० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया घ्यावा. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे त्या ३०० ग्रॅममधून पिकाला फवारले जाते ते १३८ ग्रॅम नत्र होय.

काटेकोर हिशेबात ही रीत थोडी ढोबळ आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळल्यास एकूण वजन १२ किलो होते. वजनाच्या हिशेबाने ती संहती २० टक्के नसून सुमारे १६.७ टक्के भरते. शिवाय द्रावणाचे आकारमानही १० लिटर न राहता सुमारे ७०० मिलिलिटरने वाढते. फवारणीच्या विरल द्रावणांत हा फरक नगण्य असतो. तरी कोणती शिफारस कोणत्या रीतीने केलेली आहे, हे पाहण्याची सवय ठेवावी.

अतिशय अल्प प्रमाणात वापरावयाच्या पदार्थांसाठी दशलक्ष भागांत किती भाग, म्हणजेच पीपीएम, ही रीत वापरतात. एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम म्हणजे १ पीपीएम. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. जिबरेलिक आम्लाचे १० पीपीएम द्रावण १०० लिटर करावयाचे असल्यास शुद्ध आम्ल केवळ १ ग्रॅम लागते. येथे चिमूटभर चूक झाली तरी संहती दुप्पट-तिप्पट होऊ शकते. म्हणून असे पदार्थ बारीक काट्यावरच तोलले पाहिजेत.

बाजारातील औषध शुद्ध क्वचितच असते. डब्यावर ८० टक्के असे लिहिलेले असेल, तर १०० ग्रॅम भुकटीत ८० ग्रॅम क्रियाशील घटक व बाकीचा इतर पदार्थ असतो. त्याकरिता हिशेब असा करावा : हवी असलेली संहती गुणिले पाणी, भागिले औषधातील क्रियाशील घटकाची टक्केवारी. उदाहरणार्थ, ८० टक्के गंधकापासून ०.२ टक्के क्रियाशील गंधकाचे १०० लिटर मिश्रण करावयाचे आहे. ०.२ ला १०० ने गुणून ८० ने भागले असता ०.२५ येतात, म्हणजे २५० ग्रॅम भुकटी लागेल. १५ लिटरच्या पंपास ती ३७.५ ग्रॅम पडेल. शिफारस क्रियाशील घटकाची आहे की बाजारी औषधाची, हे आधी निश्चित करून घेतले नाही, तर हा सारा हिशेब फुकट जातो.

मिठाचे पाणी आणि बाजरीचे बियाणे

संहतीचा उपयोग केवळ फवारणीपुरता नाही. बाजरीवर अरगट नावाचा बुरशीजन्य रोग पडतो. त्यात कणसातील दाण्यांच्या जागी काळपट कठीण पेशी तयार होतात. त्या खाण्यात आल्यास मळमळ, उलट्या व गुंगी येते. आणि बियाण्यातून शेतात गेल्यास पुढील पिकाला रोग होतो. निव्वळ चाळून किंवा पाखडून त्या पूर्णपणे निघत नाहीत. यावर स्वस्त उपाय मिठाच्या पाण्याचा आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून २० टक्के द्रावण करावे व त्यात बियाणे टाकून ढवळावे. अरगटाच्या पेशी व हलके दाणे वर तरंगतात. ते काढून जाळून किंवा खोल पुरून टाकावेत. तळाशी बसलेले वजनदार बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

यामागील कारण सोपे आहे. पाण्यात मीठ विरघळले की तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन वाढते. साध्या पाण्याचा लिटर १ किलो भरतो. २० टक्के मिठाच्या द्रावणाचा लिटर सुमारे १ किलो १२० ग्रॅम भरतो. साध्या पाण्यात बुडणारी हलकी पेशी या जड पाण्यावर तरंगते. मीठ कमी पडले तर रोगट पेशी चांगल्या दाण्यांबरोबर तळाशी जातात आणि शेतकऱ्याचा समज मात्र असा होतो की, बियाणे निर्मळ झाले. भाताच्या बियाण्याला ३ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यास ३०० ग्रॅम मीठ पुरे होते. तेथे पोचट दाणे वेगळे करणे एवढाच हेतू असतो. एकाच मिठाची दोन पिकांसाठी दोन प्रमाणे का, याचे उत्तर यातच आहे. प्रक्रियेनंतर बियाणे धुण्यास मात्र विसरू नये. दाण्याला चिकटलेले मीठ उगवणीला बाधक ठरते.

बोर्डो मिश्रणाचा धडा

फ्रान्समधील बोर्डो शहराच्या परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची चाल होती. त्या वेलींवर केवडा रोग कमी पडतो, हे प्राध्यापक मिलार्डे यांच्या नजरेस आले व १८८५ साली त्यांनी या मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. आज कोकणातील सुपारीच्या कोळेरोगावर व इतर अनेक बुरशीजन्य रोगांवर हेच मिश्रण वापरले जाते.

१ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावा. १ किलो कळीचा चुना थोडे थोडे पाणी घालून विझवावा व त्याचे ५० लिटर दूध करून गाळून घ्यावे. या वेळी दोन्ही पात्रांतील संहती प्रत्येकी २ टक्के असते. दोन्ही पातळ धारेने एकाच वेळी तिसऱ्या पात्रात ओतून लाकडी काठीने ढवळीत राहावे. एकूण १०० लिटर झाल्यावर प्रत्येकाची संहती निम्मी होऊन १ टक्का राहते. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असावीत. लोखंडी भांड्यात मोरचुदातील तांबे लोखंडावर चढते व द्रावणाचे काम बिघडते.

याच गुणाचा परीक्षेसाठी उपयोग होतो. तयार मिश्रणात घासून लखलखीत केलेले लोखंडी पाते मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर दिसला तर विरघळलेले तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुन्याचे दूध घालावे. असे मोकळे तांबे पाने जाळते. चुना योग्य प्रमाणात पडला म्हणजे तांब्याचा निळा, न विरघळणारा साका तयार होतो. तो पानावर चिकटून राहतो, पावसाने लगेच धुऊन जात नाही आणि अगदी थोडे थोडे तांबे सोडून बुरशीचा नाश करीत राहतो. मिश्रण शिळे झाले की साका जड होऊन चिकटपणा कमी होतो. म्हणून ते त्याच दिवशी वापरून संपवावे.

मुळांभोवतीचे द्रावण

जमिनीतील ओलावा हेही एक द्रावणच असते. पिकाची मुळे अन्नद्रव्ये घेतात ती त्यातूनच. मुळातील रस बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक संहत असतो, तोपर्यंत पाणी मुळांत शिरते. बाहेरील संहती वाढत गेल्यास पाणी आत येणे कठीण होते आणि फारच वाढल्यास मुळातीलच पाणी बाहेर ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. लोणच्याच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तोच हा प्रकार. रोपाच्या बुंध्याशी युरियाची मूठ टाकली असता रोप ओल्या जमिनीतही कोमेजते, त्याचे कारण हेच.

पिकाला दिलेले पाणी पानांवाटे व जमिनीवरून उडून जाते. त्यातील क्षार मात्र मागे राहतात, जसे मिठागरात मीठ राहते. ज्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये ६४० मिलिग्रॅम क्षार आहेत, अशा पाण्याची १० सेंटिमीटरची एकच पाळी एक हेक्टरला दिली, तर १० लाख लिटर पाण्याबरोबर ६४० किलो क्षार शेतात येऊन पडतात. निचरा चांगला असल्यास ते खाली वाहून जातात. नसल्यास साचत जातात. कृष्णा, वारणा व पंचगंगा नद्यांच्या खोऱ्यांतील उसाच्या कित्येक काळ्या जमिनी अतिरिक्त पाण्याने व निचऱ्याच्या अभावी क्षारपड झाल्या, त्याचे मूळ या साध्या हिशेबात आहे. माती संपृक्त करून काढलेल्या अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा अधिक आढळल्यास जमीन खारवट समजतात. म्हणून मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करून घेणे हिताचे आहे.

ग्रामसभेत किंवा शाळेत ही गोष्ट सहज दाखविता येते. कच्च्या बटाट्याच्या सारख्या जाडीच्या काही चकत्या कापाव्यात. अर्ध्या साध्या पाण्यात व अर्ध्या मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवाव्यात. साध्या पाण्यातील चकत्या ताठ व कडक राहतात, मिठाच्या पाण्यातील लुळ्या पडून वाकू लागतात. हा प्रयोग एकदा पाहिलेला शेतकरी खताची मूठ बुंध्याशी टाकताना खचित विचार करील.

अंदाज टाळा, जीव सांभाळा

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कीड आटोक्यात येत नाही असे दिसताच औषधाचे प्रमाण वाढविण्याकडे किंवा दोन-तीन औषधे एकत्र करण्याकडे मनाचा कल होतो. परंतु संहती दुप्पट केल्याने कीड दुपटीने मरते असे नाही. फवारणाऱ्याच्या अंगावर व श्वासात जाणारे विष मात्र दुप्पट होते. शिफारस नसताना औषधांचे मिश्रण करू नये.

औषधाच्या बाटलीचे झाकण हे माप नव्हे. निरनिराळ्या झाकणांत निरनिराळे औषध मावते. खुणा असलेला मापाचा पेला व छोटा तराजू यांचा खर्च एका करपलेल्या वाफ्याच्या नुकसानीपेक्षा कमी असतो. तसेच संहती व एकरी मात्रा या दोन गोष्टींत गल्लत करू नये. एकरी २०० मिलिलिटर औषध हातपंपाच्या २०० लिटर पाण्यातून द्यावयाचे असल्यास लिटरला १ मिलिलिटर पडते. तेच १०० लिटरच्या फवाऱ्यातून द्यावयाचे असल्यास लिटरला २ मिलिलिटर घ्यावे लागते. एकरी पाणी किती लागते ते आधी साधे पाणी फवारून पाहावे व वेष्टनावरील सूचनेशी ताडून पाहावे.

औषध मिसळताना हातमोजे व नाकातोंडावर आच्छादन असावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. विषबाधेची लक्षणे दिसताच रोग्यास शेतातून दूर न्यावे, कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन त्याला तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे.

पदार्थ तोलून घ्यावा, पाणी मोजून घ्यावे, डब्यावरील टक्केवारी वाचून हिशेब करावा आणि जे विरघळत नाही ते ढवळीत राहावे, एवढी पथ्ये पाळली तरी पुष्कळ नुकसान टळेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी हंगामापूर्वी एक दिवस मुक्रर करून बोर्डो मिश्रण, मिठाचे पाणी व बटाट्याच्या चकत्या यांची प्रात्यक्षिके शेतकऱ्यांपुढे करून दाखवावीत, आणि पंपाच्या मापाचा हिशेब त्यांच्याकडूनच करवून घ्यावा.